मत दिल्यानंतरची पाच वर्षे

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलला आहे. एरवी वारसाहक्क, निवृत्तिवेतन, सोसायटीचे तंटे यांविषयी विचारणारे वाचकही आता राजकारणाबद्दल लिहू लागले आहेत, आणि त्यांत स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या मतदारांचा वैताग सर्वांत जास्त आहे. त्यांपैकी काही पत्रे संक्षिप्त करून या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी चाळीस वर्षांहून अधिक काळ मतदान करीत आलो आहे आणि फुले, शाहू, आंबेडकर यांचे नाव घेणाऱ्या उमेदवारालाच मत देत आलो आहे. ज्यांना मत दिले ते गृहस्थ निवडून आल्यावर अडीच-तीन वर्षांत समोरच्या बाजूला जाऊन बसले आणि त्यानंतर त्यांनी आमच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. पक्षांतरबंदीचा कायदा असताना हे कसे चालते? आणि माझ्या मताचा असाच व्यवहार होणार असेल, तर मी मतदान केंद्रावर जावेच कशाला?
*(निवृत्त प्राध्यापक, कोल्हापूर)*

उत्तर : आधी कायद्याचे पाहू. १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला दहावे परिशिष्ट जोडले, तेव्हा एक-तृतीयांश आमदार बाहेर पडले तर ती पक्षातील फूट मानून त्यांना अभय मिळत असे. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ही पळवाट बंद झाली आणि दोन-तृतीयांश सदस्यांच्या संमतीने झालेल्या विलीनीकरणापुरतीच सूट उरली. कागदावर हा कायदा कडक दिसतो. मात्र अपात्रतेचा निर्णय देण्याचा अधिकार सभागृहाच्या अध्यक्षांकडे आहे, अध्यक्ष बहुधा सत्ताधारी बाजूचेच असतात, आणि निर्णय किती दिवसांत द्यावा याची मुदत परिशिष्टात कोठेही घातलेली नाही.

शिवसेनेत जून २०२२ मध्ये बंड झाले. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे समर्थनीय नव्हते असे नोंदवले, परंतु मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरे न जाताच राजीनामा दिल्याने आधीचे सरकार पुन्हा आणता येणार नाही असेही सांगितले, आणि अपात्रतेचा प्रश्न अध्यक्षांवर सोपवला. अध्यक्षांचा निर्णय १० जानेवारी २०२४ रोजी आला. राष्ट्रवादी काँग्रेस जुलै २०२३ मध्ये फुटली, तिच्याविषयीचा निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. दोन्ही प्रकरणांत एकही आमदार अपात्र ठरला नाही, आणि तोवर त्या विधानसभेचे शेवटचे वर्ष सुरू झाले होते. आमदाराला मध्येच परत बोलावण्याचा अधिकार मतदाराला कायद्याने दिलेला नाही. तेव्हा केवळ कायद्याच्या आधारे तुमच्या मताचे रक्षण होईल, अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही.

तुमच्या पत्रातील ‘ढुंकूनही पाहिले नाही’ हे शब्द मात्र मला अधिक महत्त्वाचे वाटतात. पक्ष सोडताना आमदार पुष्कळ हिशेब करतो. साखर कारखान्याचे कर्ज, जिल्हा बँकेतील संचालकपद, ठेकेदारांची अडकलेली बिले, मतदारसंघासाठी मिळणारा निधी, मागे लागू शकणाऱ्या चौकश्या, आणि आपल्याबरोबर किती नगरसेवक, किती जिल्हा परिषद सदस्य येतील, हे सारे त्यात असते. या यादीत तुमच्यासारखा मतदार नसतो, याचे कारण तो एकेकटा आहे. तो मत देतो, वर्तमानपत्र वाचून संतापतो आणि पाच वर्षांनी पुन्हा, नाक मुरडत का होईना, त्याच चिन्हासमोर बटण दाबतो. त्याच्या संतापाची किंमत आमदाराला कोठेही मोजावी लागत नाही. मतदारसंघात दर तीन महिन्यांनी आमदाराला बोलावून सभागृहात त्याने काय विचारले, निधी कोठे खर्च केला, कोणत्या विधेयकावर काय भूमिका घेतली हे विचारणारा पन्नास-शंभर लोकांचा गट असता, तरी तो गेला नसता असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. परंतु जाण्यापूर्वी त्याला त्या गटाचा विचार करावा लागला असता आणि गेल्यावर त्याच गावांत मते मागायला येणे अवघड झाले असते.

मतदान केंद्रावर जरूर जा. मत न दिल्याने पक्षांतर करणाऱ्याचे काहीही बिघडत नाही.

प्रश्न : आम्ही चार मित्रांनी ठरवले आहे की, सगळेच उमेदवार नालायक असतील तर ‘नोटा’चे बटण दाबायचे. हा निषेधाचा प्रामाणिक मार्ग नाही का?
*(संगणक अभियंता, ठाणे)*

उत्तर : प्रामाणिक आहे, परिणामकारक नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर हा पर्याय यंत्रावर आला, पण विधानसभा आणि लोकसभेच्या निकालावर त्याचा कायदेशीर परिणाम शून्य आहे. २०१९ मध्ये लातूर ग्रामीण मतदारसंघात ‘नोटा’ला २७ हजारांहून अधिक मते पडली आणि ती चक्क दुसऱ्या क्रमांकाची ठरली, तरी विजयी उमेदवाराच्या लाखाहून मोठ्या मताधिक्याला धक्काही लागला नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांची गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये काढलेल्या आदेशानुसार तेथे ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली तर पुन्हा निवडणूक घ्यावी लागते. अर्थात उमेदवार बिनविरोध निवडून आला तर मतदानच होत नाही, आणि बिनविरोध निवड कशी घडवली जाते हे गावोगावच्या लोकांना मी सांगण्याची गरज नाही. चार मित्र एकत्र येणारच असाल, तर निवडणुकीच्या दोन वर्षे आधी एकत्र या आणि प्रभागातून उभा राहील असा माणूस शोधा. उमेदवारी अर्ज भरून झाल्यावर सुचणारा निषेध फार उशिराचा असतो.

प्रश्न : दीड हजार रुपयांसाठी बायकांनी मते विकली, हे उघड सत्य बोलायला पुरोगामी मंडळी का कचरतात? ज्या समाजाला स्वतःचे हित कळत नाही त्याच्यासाठी चळवळी करून काय उपयोग?
*(निवृत्त शिक्षिका, नाशिक)*

उत्तर : तुमच्या निराशेचा मला आदर आहे, मात्र हे वाक्य मला मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ ही योजना जुलै २०२४ पासून सुरू झाली. २१ ते ६५ वयाच्या आणि अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील स्त्रियांना महिना १,५०० रुपये थेट बँक खात्यात मिळू लागले आणि लाभार्थींची संख्या दोन कोटींच्या पुढे गेली. निवडणूक तोंडावर असताना ती आणली, हे कोणीही नाकारत नाही. परंतु महाविकास आघाडीने त्याच निवडणुकीत स्त्रियांना महिना ३,००० रुपयांचे आश्वासन दिले होते. तीन हजारांचे आश्वासन देणाऱ्यांना मत दिले तर ती सामाजिक सुरक्षा आणि दीड हजार प्रत्यक्ष देणाऱ्यांना दिले तर ती मतविक्री, हा युक्तिवाद शेतात रोजंदारीवर जाणाऱ्या कोणत्याही बाईसमोर टिकणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावरच्या खात्यात पैसे आले म्हणून तिने मत दिले असेल, तर तिला तिचे हित चांगलेच कळते.

शिवाय गरिबाच्या हाती थेट उत्पन्न पडले पाहिजे, ही मागणी मुळात कोणाची होती? वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे १९६५ मध्ये केलेल्या प्रयोगातून रोजगार हमीची कल्पना पुढे आली, १९७२ च्या दुष्काळात तिला व्यापक रूप मिळाले, डाव्या आणि समाजवादी कार्यकर्त्यांनी खडी फोडणाऱ्या मजुरांना संघटित करून ‘मागेल त्याला काम’ ही मागणी लावून धरली, विधिमंडळाने १९७७ मध्ये कायदा मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरातील नोकरदारांच्या व्यवसाय करातून त्यासाठी पैसा उभा राहिला. त्या कामांवर राबणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. तेव्हाही ‘फुकट पैसे वाटतात’ असे म्हणणारे होतेच, आणि ते पुरोगाम्यांच्या विरुद्ध बाजूला होते.

योजनेवर खरी टीका करायची, तर ती या तुलनेतूनच करता येते. रोजगार हमी हा कायदा होता आणि काम न मिळाल्यास भत्ता मागण्याचा हक्क त्यात होता, तर ‘लाडकी बहीण’ शासन निर्णयावर उभी आहे आणि शासन निर्णय दुसऱ्या शासन निर्णयाने बदलता येतो. प्रचारात २,१०० रुपयांचे आश्वासन दिले गेले. निवडणूक झाल्यावर पडताळणी सुरू झाली आणि लाखो नावे वगळली गेली. ज्यांची नावे चुकीने गेली त्या बायकांनी दाद कोठे मागायची, अर्ज कोणाकडे करायचा, बँकेचा आणि आधारचा घोळ कोणी निस्तरायचा, हा आज गावोगावचा प्रश्न आहे. तुम्ही शिक्षिका होता, अर्ज नीट लिहिणे तुम्हाला येते. तालुक्याच्या कार्यालयासमोर आठवड्यातून एक दिवस बसून अशा वीस बायकांचे अर्ज लिहून दिलेत, तर त्यांच्याशी पुढच्या पाच वर्षांत तुमचे जे बोलणे होईल ते त्यांनी मत कोणाला दिले या विषयापुरते राहणार नाही. त्यांना नावे ठेवून मात्र बोलणे सुरूच होणार नाही.

प्रश्न : मी पाणीप्रश्नावर काम करणाऱ्या एका संघटनेत आहे. आमच्यात दोन गट पडले आहेत. एक म्हणतो, चळवळीने निवडणुकीच्या चिखलात उतरू नये. दुसरा म्हणतो, मोर्चे काढून वर्षे गेली, आता सत्तेतच गेले पाहिजे. तुमचे मत काय?
*(कार्यकर्ता, सांगली जिल्हा)*

उत्तर : माझे मत दुसऱ्या गटाच्या जवळचे आहे, पण त्यांना वाटते त्या कारणासाठी नाही.

मृणाल गोरे यांचे उदाहरण घ्या. गोरेगावच्या वस्त्यांत पाणी यावे म्हणून त्या हंडे घेतलेल्या बायकांबरोबर उभ्या राहिल्या, म्हणून लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. त्या १९६१ मध्ये मुंबई महापालिकेत आणि १९७२ मध्ये विधानसभेत गेल्या. त्याच १९७२ च्या सुमारास अहिल्या रांगणेकर आदींबरोबर महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीचे लाटणे मोर्चे निघाले, म्हणजे आमदारकी मिळाल्यावर रस्ता सुटला असे झाले नाही. १९७७ मध्ये त्या लोकसभेवर निवडून आल्या आणि इंदिरा गांधी पराभूत झाल्या, तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा मुंबईभर झाली. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती १९८६ ची गोष्ट. गर्भलिंग निदानाविरुद्ध स्त्री संघटना, डॉक्टर आणि कार्यकर्ते मुंबईत लढत होते, आणि त्या मागणीचे अशासकीय विधेयक विधानसभेत मांडायला मृणालताई तेथे होत्या. १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातील असा पहिला कायदा केला आणि १९९४ मध्ये संसदेने देशासाठी केला. रस्त्यावर माणसे नसती तर विधेयक कोणी गांभीर्याने घेतले नसते, आणि सभागृहात आपले माणूस नसते तर निवेदन मंत्रालयाच्या फायलीत पडून राहिले असते.

तुमच्याच भागातील दाखला तुम्ही माझ्यापेक्षा चांगला जाणता. नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि सांगोल्याचे आमदार गणपतराव देशमुख यांनी १९९३ पासून आटपाडीत दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरवली. जमीन असो वा नसो, प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा वाटा मिळाला पाहिजे ही समन्यायी पाणीवाटपाची मागणी प्रथम वेडगळ ठरवली गेली होती, पण ती वर्षानुवर्षे लावून धरल्यामुळे टेंभूसारख्या उपसा सिंचन योजनेच्या आखणीत तिची दखल घेणे सरकारला भाग पडले. गणपतराव शेतकरी कामगार पक्षातर्फे सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आले. दोनदा पडलेही. ते बहुतेक काळ विरोधी बाकांवर होते, आणि म्हणून परिषदेला लागणारे पाटबंधारे खात्याचे आकडे, प्रश्नोत्तरे, कपात सूचना ही सामग्री त्यांच्याकडून मिळत राहिली. आमदार मंत्री नसला तरी त्याचा चळवळीला किती उपयोग होऊ शकतो, हे त्यातून दिसते.

मग पहिल्या गटाची भीती खोटी आहे का? नाही. २०१४ च्या लोकसभेला मेधा पाटकर ईशान्य मुंबईतून उभ्या राहिल्या आणि सुमारे ७६ हजार मते मिळवून तिसऱ्या क्रमांकावर राहिल्या. मार्च २०१८ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाशी (माकप) संलग्न किसान सभेचा नाशिक ते मुंबई मोर्चा निघाला. सुमारे १८० किलोमीटर चालून आलेल्या त्या हजारो आदिवासी शेतकऱ्यांनी दहावीच्या परीक्षार्थींची अडचण होऊ नये म्हणून रात्रीतून आझाद मैदान गाठले, तेव्हा सारी मुंबई हळहळली. वनजमिनीच्या दाव्यांविषयी सरकारला लेखी आश्वासन द्यावे लागले. आणि पुढच्याच वर्षी त्या मोर्चाचा बालेकिल्ला असलेल्या कळवणमधून माकपचे आमदार पराभूत झाले. त्याच निवडणुकीत डहाणूची जागा मात्र माकपने भाजपकडून घेतली आणि २०२४ च्या लाटेतही राखली.

हा फरक कशाने पडतो, याचे एकच उत्तर नाही. मोर्चात माणूस वनहक्काचा दावेदार म्हणून चालतो, पण मतदान करताना तो कोणाचा तरी भाऊबंद असतो, कोणाच्या तरी ट्रॅक्टरचा कर्जदार असतो, आणि दवाखान्यात रात्री-बेरात्री ओळख कोण काढून देईल याचाही विचार करतो. जी संघटना त्याच्या एकाच मागणीपुरती त्याला भेटते, तिला त्याचे एकाच कामापुरते सहकार्य मिळते. याशिवाय पैशाचा प्रश्न आहेच. विधानसभेसाठी खर्चाची कायदेशीर मर्यादा ४० लाख रुपये आहे, आणि प्रत्यक्षात काय खर्च होतो हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

म्हणून दुसऱ्या गटाला मी असे सुचवीन की, थेट विधानसभेची स्वप्ने पाहण्यापूर्वी पाणीवापर संस्था, ग्रामपंचायत, विकास सोसायटी आणि पंचायत समितीचा गण येथून सुरुवात करा, कारण तेथे शंभर-दोनशे मतांनी निकाल फिरतो आणि माणूस ओळखीवर निवडून येतो. आणखी एक कंटाळवाणे काम आहे, ते आपल्या बाजूचे लोक कधीच करीत नाहीत. महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक मतदान केंद्रे आहेत, म्हणजे एका केंद्रावर सरासरी हजाराच्या आसपास मतदार येतात. त्यांची यादी घेऊन घरोघर फिरणे, मृत आणि स्थलांतरितांची नावे तपासणे, नवी नावे मुदतीत नोंदवणे, मतदानाच्या दिवशी केंद्रावर सकाळपासून शेवटपर्यंत प्रतिनिधी बसवणे आणि झालेल्या मतांचा हिशेब देणारा फॉर्म १७ सी केंद्राध्यक्षांकडून सही करून घेणे, हे काम ज्या पक्षाचे कार्यकर्ते करतात तो पक्ष तुमच्यापेक्षा पुढे असतो. निकालानंतर यंत्रांविषयी शंका घेण्याचा हक्क सर्वांना आहे. पण ज्यांच्याकडे अर्ध्या केंद्रांचे फॉर्मही नाहीत, त्यांच्या शंकेला आधार कशाचा?

अराजकीय राहण्याचा आग्रह धरणाऱ्या पहिल्या गटाला एवढेच विचारा की, चळवळीने मोकळी सोडलेली जागा गेल्या तीस वर्षांत कोणी भरली.

प्रश्न : घर, नोकरी आणि सासूबाईंचे आजारपण सांभाळून मला मोर्चांना जाणे शक्य नाही. समाजमाध्यमांवर लिहिण्याचा आता वीट आला आहे. शहरात राहणाऱ्या माझ्यासारखीने नेमके काय करावे?
*(बँक कर्मचारी, पुणे)*

उत्तर : तुमच्या शहरात तरी निमित्तांची कमतरता नाही. पुणे महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांनी कामे सुचवण्याची पद्धत सुरू केली. पदपथ, बसथांबा, स्वच्छतागृह, दिवे अशी छोटी कामे ठरलेल्या मुदतीत अर्ज भरून सुचवता येतात. बहुतेकांना ही मुदत संपल्यावर कळते. महापालिकेत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहण्याची सोय आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करून महिनाभर वाट पाहण्याऐवजी रस्त्याच्या कामाची फाइल तेथे समोर बसून वाचता येते. तुम्ही बँकेत काम करता, त्यामुळे ठेकेदाराचे बिल आणि मोजमाप वहीतील आकडे जुळतात की नाही हे तुम्हाला इतरांपेक्षा लवकर दिसेल. महिन्यातून एक सोमवार अर्धी रजा काढणे जमले, तर तेवढे पुरे आहे. एकटीने जाऊ नका, सोसायटीतील आणखी दोघांना बरोबर घ्या, म्हणजे एकीला अडचण आली तरी काम थांबत नाही.

येथे एक खंत नोंदवतो. मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रभागरचना व इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या वादात निवडणुका अडकून राज्यातील एकामागून एक महापालिका, जिल्हा परिषदा प्रशासकांच्या ताब्यात गेल्या. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचे आदेश दिले. तीन वर्षांहून अधिक काळ कोट्यवधी नागरिकांना नगरसेवकच नव्हता, हजारो कोटींची अंदाजपत्रके एक अधिकारी मंजूर करीत होता, आणि त्या साऱ्या काळात या सदराकडे त्याविषयी तक्रार करणारी पत्रे मला जवळपास आठवतच नाहीत. मुख्यमंत्री कोण होणार यावर मात्र पत्रांचा ढीग पडला होता. शहरांसाठी क्षेत्रसभेची, म्हणजे ग्रामसभेसारख्या मतदारांच्या सभेची, तरतूदही कायद्यात आहे, पण बहुतेक ठिकाणी ती भरतच नाही, कारण ती भरवा असे नगरसेवकाला कोणी म्हणत नाही. तुमच्या नगरसेवकाला हे पहिले पत्र तुम्ही लिहू शकता.

प्रश्न : आमच्या गावात ग्रामसभा कागदावरच होते. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब होते आणि नंतर कधीतरी ठराव झाल्याचे कळते. आम्ही काही तरुणांनी आवाज उठवला तर ‘राजकारण करू नका’ असे ऐकवले जाते. काय करावे?
*(पदवीधर शेतकरी, लातूर जिल्हा)*

उत्तर : पहिले म्हणजे, ‘होय, राजकारणच करतो आहोत’ असे सांगा. गावाचा पैसा कोठे खर्च व्हावा हे ठरवण्याला दुसरे नाव नाही.

ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती आहे. मात्र एकदा सभा तहकूब झाली की त्या तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन राहत नाही, आणि तुमच्या गावचा खेळ नेमका येथे चालतो. पहिल्या सभेला लोक येऊ नयेत याची व्यवस्था करायची आणि दुसऱ्या सभेत दहा जणांच्या सह्यांवर लाभार्थींची यादी मंजूर करून घ्यायची. यावर दोन उपाय आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या सभांना शंभर माणसे नेणे हा पहिला. ते न जमल्यास तहकूब सभेची तारीख त्याच वेळी इतिवृत्तात लिहून घेणे आणि त्या सभेला पंधरा माणसांनी तरी जाणे हा दुसरा, आणि मला वाटते पहिल्या वर्षी तुम्हाला दुसराच पेलेल. नियमित सभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेणे कायद्याने आवश्यक आहे. ती झाली की नाही आणि तिचे इतिवृत्त कोठे आहे हे विचारा, कारण स्त्रियांच्या सभेत पाणी आणि दारू हे विषय आल्यावाचून राहत नाहीत.

हे सारे करून काय साधते, असे तुमच्या मित्रांना वाटत असेल तर त्यांना गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाविषयी सांगा. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ असे म्हणणाऱ्या त्या गोंड गावाने एकमताने निर्णय घेण्याची रीत वर्षानुवर्षे चालवली. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्याला सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर नेण्याचा परवाना वनखाते देईना. गावाने ते प्रकरण सोडले नाही, आणि २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांना गावात येऊन वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यावे लागले. लातूर जिल्ह्यात मेंढा (लेखा) गावासारखे जंगल नाही आणि तुमच्या गावात एकमत होणेही अवघड आहे, हे मान्य. तुमच्याकडे पाणंद रस्ते आहेत, वित्त आयोगाचा निधी आहे, घरकुलांची यादी आहे आणि पीक विम्याचे दावे आहेत. या चारांपैकी सुरुवातीला घरकुलांची यादी घ्या. तिच्यात प्रत्येकाचा जीव अडकलेला असतो, त्यामुळे लोक सभेला येतात. मागील तीन सभांची इतिवृत्ते आणि मंजूर यादी यांच्या प्रती ग्रामसेवकाकडे (आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे) लेखी अर्ज करून मागा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. तीस दिवसांत प्रती मिळाल्या नाहीत तर माहितीच्या अधिकाराखालील पहिल्या अपिलासाठी तीच पोच तुम्हाला लागेल, म्हणून अर्जावर त्या कायद्याचा उल्लेख सुरुवातीलाच करून ठेवा.